फायरप्लेसचा ओटा आणि वरची फळी: गावरान थाटात कशी सजवू?

कवडसा
नव्या घराबरोबर फायरप्लेस मिळाली आहे. घर आम्हाला नवं, फायरप्लेस मात्र जुनी. लाल विटांची, पुढे दगडी ओटा, वर लाकडाची जाडजूड फळी (मँटल). आत खरी लाकडं जळतात. चिमणी साफ करून, तपासून घेतली आहे, तेव्हा ती काळजी नको.

मला ती जुन्या शेतघरात असावी तशी हवी आहे. हॉटेलच्या लॉबीसारखी चकचकीत नको. हौसेने आतापर्यंत जे केलं ते असं: फळीवर मधोमध आरसा, दोन्हीकडे तीन-तीन उंच मेणबत्त्या, फळीच्या कडेने वाळलेल्या गव्हाच्या ओंब्यांची माळ, ओट्यावर फाट्यांनी भरलेली वेताची टोपली, पुढे गालिचा. सगळं मांडून झाल्यावर लांब जाऊन पाहिलं तर दुकानाची शोकेस! नवरा म्हणाला, "सगळं जमलंय, फक्त किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्यात."

एक गंमतही झाली. परवा दोनेक तास विस्तव होता, तर उजवीकडच्या तिन्ही मेणबत्त्या कमरेत वाकल्या. पेटवलेल्या नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. डावीकडच्या ताठ.

तर प्रश्न: विटांना पांढरा रंग द्यावा का? फळीवर काय ठेवावं? आणि ओट्याचं काय करू?

रिकामटेकडी
अगं फोटो कुठाय? फोटोशिवाय सजावटीचा धागा म्हणजे बिनमिठाची आमटी. वाकलेल्या मेणबत्त्या तशाच ठेव, खूप गावरान वाटतील :)

धुराडं
कवडसा, सजावटीचं नंतर बोलू. मेणबत्त्या वाकल्या ही गंमत नाही, तो निरोप आहे. टेप घ्या आणि तीन मापं टाका: १) विस्तवाच्या तोंडाची रुंदी आणि उंची, २) तोंडाच्या वरच्या कडेपासून फळीच्या बुडापर्यंतचं अंतर, ३) फळी भिंतीतून किती पुढे आली आहे. ओटा किती खोल आहे तेही बघा. तोवर ती गव्हाची माळ उतरवा. आज, आत्ता.

कवडसा
माळ उतरवली. हातात घेतली तर उजवीकडच्या ओंब्या चुरचुरत होत्या, पापडासारख्या. जरा घाबरलेच.

मापं: तोंड 32 इंच रुंद, 26 इंच उंच. वरून फळीपर्यंत 10 इंच. फळी 7 इंच पुढे आलेली, जाडी 4 इंच, लांबी 5 फूट. ओटा समोर 18 इंच, दोन्ही बाजूंना 10-10 इंच.

धुराडं
ओटा ठीक आहे. अमेरिकेतल्या बांधकाम नियमात याचा सरळ हिशेब दिलेला असतो. तोंडाचं क्षेत्रफळ 6 चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर न जळणारा ओटा समोर किमान 16 आणि बाजूंना 8 इंच. 6 किंवा जास्त असेल तर 20 आणि 12. तुमचं तोंड पावणेसहा चौरस फुटांच्या आसपास येतं, म्हणजे थोडक्यात बचावलात.

फळी मात्र नापास. तोंडापासून 6 इंचांच्या आत जळणारं काहीच नको. 6 ते 12 इंचांच्या पट्ट्यात लाकूड चालतं, पण दर इंच अंतरामागे फक्त एक अष्टमांश इंच पुढे आलेलं. तुमची फळी 10 इंचांवर आहे, म्हणजे सव्वा इंच पुढे यायची तिला मुभा. ती आली आहे 7 इंच. 12 इंचांच्या वर गेलात की हे गणित संपतं. (हे विटांच्या, बांधीव फायरप्लेसचं झालं. कारखान्यात बनलेला लोखंडी पेटीचा प्रकार असेल तर त्याच्या पुस्तिकेत दिलेली अंतरं पाळायची.)

गरम हवा तोंडातून बाहेर पडते ती सरळ वर चढते आणि फळीच्या पोटाला धडकते. लाकूड लगेच पेट घेत नाही. वर्षानुवर्षं भाजत राहिलं की मात्र कोरडं ठक्क होत जातं आणि पेटायला पूर्वीपेक्षा कमी आच पुरते. आत्तापर्यंत काही झालं नाही, हे पुढची हमी देत नाही.

सुतारपक्षी
धुराडं यांना अनुमोदन. फळी उचलून 14 इंचांवर न्या. तिला हात लावण्याआधी हे बघा:

फळी सबंध लाकडाची आहे की पोकळ? बोटाने ठोकून बघा. या मापाची सबंध ओकची तुळई 18-20 किलो भरते, एकट्याने काढू नका. पोकळ असेल (तीन फळ्या काटकोनात जोडून केलेली पेटी) तर काम सोपं. भिंतीत एक आडवी पट्टी ठोकलेली असते, पेटी तिच्यावर सरकवून वरून स्क्रू मारलेले असतात. पट्टी उचला, पेटी उचला.

जुनी तुळई असेल तर तिच्यावर वाकसाच्या (लाकूड तासायचं सुताराचं हत्यार) घावांचे उथळ खळगे दिसतील. ते पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करू नका, हात जोडतो. गावरान थाट त्या खळग्यांतच आहे. लोक नव्या लाकडावर साखळ्या आपटून असल्या खुणा विकत घेतात.

आधीचा रंग असेल तर खरवडण्याआधी तपासणी करा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, त्याआधीच्या थरांत शिसं सापडू शकतं. त्याची धूळ लहान मुलांना वाईट.

नुसतं लाकूड असेल तर जवसाचं तेल आणि वर पातळ मेण. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, म्हणून थापू नका, नाहीतर फळी चिकट होऊन धूळ गोळा करील. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही! जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा.

शंकासुर
एक भाबडा प्रश्न. वरती टीव्ही लावला तर?

सुतारपक्षी
शंकासुर, गावरान म्हणाल्या त्या. गावदेवीला गॉगल नको.

धुराडं
शिवाय टीव्हीला उष्णता सोसत नाही आणि बघणाऱ्याच्या मानेला उंची. पुढचा प्रश्न घ्या.

जुनेर
आता माझ्या आवडीचा भाग आला. कवडसा, तुमची मांडणी शोकेस वाटते कारण ती आरशासारखी आहे: इकडे तीन, तिकडे तीन. शेतघरात फायरप्लेस कोणी सजवत नव्हतं. तिथे वस्तू येऊन थांबायच्या. मीठ ओल धरू नये म्हणून मिठाची लाकडी पेटी विस्तवाजवळच्या भिंतीला टांगलेली. दिवा हाताशी हवा म्हणून फळीवर. किटली गरम राहावी म्हणून तिवईवर. भाता खिळ्याला. प्रत्येक वस्तूला तिथे असण्याचं काहीतरी कारण होतं. तुम्ही प्रत्येक गोष्ट हातात घ्या आणि विचारा, ही इथे कशाला आली असती? उत्तर नाही मिळालं तर ती दुसऱ्या खोलीत.

गंमत बघा, मँटल हा शब्दच मुळात झग्याचा, अंगरख्याचा. विस्तवावरचं जे धूर गोळा करणारं छत्र होतं त्याला तो लागला, आणि छत्र गेल्यावर उरलेल्या फळीला चिकटून राहिला. फळीवर घड्याळ ठेवायची रीतही जुन्या काळापासूनची नाही. पूर्वी सामान्य घरांत घड्याळ नसायचंच, श्रीमंतांकडे माणसाएवढं उंच उभं घड्याळ. अमेरिकेत ईलाय टेरीने लाकडी चाकांचं, फळीवर मावेल असं घड्याळ काढलं आणि 1816 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा शेतकऱ्याच्या फळीवर घड्याळ आलं. म्हणून जुन्या धाटणीचं एक घड्याळ चालेल. चालू मात्र हवं. बंद घड्याळ हे गावरान नाही, ते नुसतं बंद घड्याळ.

"गावरान" म्हणताना कुठला गाव तेही ठरवा. इंग्लिश घरांत कोळशासारखी काळी तुळई आणि चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी. अमेरिकन वसाहतकाळातल्या घरांत भट्टीच्या बाजूच्या भिंतीला फिरता लोखंडी हात, त्यावर हंडा लटकवायचा. फ्रेंच खेड्यांत फळीच्या कडेला कापडाची आखूड झालर. उत्तर युरोपात सगळं चुन्याने पांढरं, वस्तू जेमतेम दोन. चारी एकत्र आणलेत तर परत शोकेस.

रिकामटेकडी
झालर!! मला झालर हवी. लाल चौकडीची.

धुराडं
रिकामटेकडी, ती झालर धूर खोलीत येऊ नये म्हणून लावायचे, आणि तिथली तोंडं माणसाच्या छातीएवढी उंच असायची. 26 इंचाच्या तोंडावर कापड टांगणं म्हणजे वात लावणं.

विटकरी
विटांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून माझं मत: अजिबात रंगवू नका. वीट एकदा ऑइलपेंटने रंगवली की तिच्या भोकांतून रंग निघत नाही, आयुष्यभर सोलत बसाल. आणि रंगवलेली वीट प्लॅस्टिकची दिसते.

आधी साफ करा. काजळीवर एकदम पाणी मारू नका, ती विटेत शिरते. कोरड्या ब्रशने झाडा, मग काजळीसाठी रबराचा कोरडा स्पंज मिळतो तो वरून खाली एकाच दिशेने ओढा. स्पंज काळा झाला की वरचा थर कापून टाकायचा, आत नवा. शेवटी हवं तर साबणाचं पाणी. अर्ध्या विटा इतक्या सुंदर निघतील की रंगाचं डोक्यातून जाईल.

जुनेर
ऑइलपेंट नको हे मान्य. पण चुन्याची सफेदी वेगळी. शेतघरांत हात फिरायचा तो चुन्याचाच. चुना विटेवर थर करून बसत नाही, तिच्यात मुरतो, वीट श्वास घेत राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो परत चुनखडी होतो. त्यामुळे लावताना दुधाच्या निवळीसारखा पातळ दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र.

लावण्याआधी वीट पाण्याने ओली करा, नाहीतर ती चुन्यातलं पाणी शोषते आणि उरते ती पावडर. दोन-तीन पातळ हात द्या, एक जाड नको. हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात गेला तर जाळतो. आधी रंगवलेल्या विटेवर चुना धरत नाही. आणि भट्टीच्या आतली भिंत काळीच ठेवा, ज्वाळेला तीच शोभते.

विटकरी
चुना म्हणत असाल तर माझी हरकत अर्धी कमी. उरलेली अर्धी कायम.

धुराडं
एक विचारतो. तोंडाच्या वर विटांवर काजळीची जीभ उमटली आहे का?

कवडसा
हो! अगदी जिभेसारखीच, मध्यावर, वर निमुळती होत गेलेली. तुम्हाला कसं कळलं?

धुराडं
म्हणजे पेटवताना धूर खोलीत येतो. आधी त्याचा बंदोबस्त, मग चुना. नाहीतर महिन्यात पांढऱ्यावर काळी जीभ, आणि ती जास्तच दिसेल. चिमणीतली हवा थंड असते, खाली बसलेली. धूर तिला ढकलू शकत नाही. चिमणीची झडप पूर्ण उघडा, कागदाचा एक पेटता बोळा आत वर धरून चिमणी ऊब घेऊ दे, बोळ्याचा धूर वर ओढला जातो असं दिसलं की मगच लाकडं पेटवा. घर फार बंदिस्त असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा. लाकडात 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको, ओलं लाकूड नुसतं धुमसतं आणि चिमणीत डांबरासारखा थर चढवतं. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. वाळलेली असतील तर टणत्कार येतो, ओली असतील तर धप्प.

आणि ती वेताची टोपली. किती लांब आहे?

कवडसा
ओट्यावरच, तोंडापासून फूटभर. हलवते. तुम्ही माझी सगळी सजावट काढून टाकणार बहुतेक.

धुराडं
विस्तवाच्या पुढे-बाजूला 3 फुटांच्या आत जळणारं काही नको. टोपली दूर. टोपलीऐवजी लाकडं रचायचं लोखंडी कडं आणलंत तरी तेही दूरच. गालिचाही 3 फूट मागे, आणि लोकरीचा असू द्या. ठिणगी पडली तर लोकर करपते आणि विझते. नायलॉन वितळतं.

जुनेर
ओटा मोकळा होतोय ते बरंच झालं. ओट्यावर लोखंड, दगड, माती, तांबं एवढंच आणा. लाकडं उचलून धरणारे दोन लोखंडी घोडे (त्यामुळे खालून हवा खेळते), चिमटा-फावडं-ब्रशचा संच, ठिणग्यांसाठी जाळी. मागच्या भिंतीला टेकवायला बिडाची जाड पाटी मिळाली तर सोडू नका. इंग्लंडच्या वील्ड भागात 16व्या शतकापासून असल्या पाट्या ओतायचे. वाळूच्या साच्यात दोरी, बोटं, सुरी दाबून नक्षी उठवायचे. ती मागची भिंत वाचवते आणि तापून खोलीकडे उष्णता फेकते. सजावट म्हणाल तर ज्वाळेच्या मागे हलणारी नक्षी, आणखी काय हवं.

शंकासुर
आणि आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमची भट्टी कायमची बंद आहे, आत नुसतं काळं भोक.

जुनेर
तुम्ही भाग्यवान, तुम्हाला धुराडं यांचे नियम लागू नाहीत :) आत सरळ, वाळलेले ओंडके तोंडाकडे करून गच्च रचा. गोल चकत्या दिसतात. भोक आतपर्यंत भरेल एवढं लाकूड नसेल तर प्लायवर चकत्या चिकटवून तोंडात उभा करा. साल सुटलेली लाकडं घेऊ नका, तिच्याखाली किडे असतात. चिमणी वरून-खालून बंद आहे ना ते बघा, नाहीतर घरातली ऊब तिथून जाते. किंवा एक मोठा मातीचा रांजण, त्यात वाळक्या फांद्या, बस्स.

कवडसा
दोन आठवड्यांनी परत येते आहे, अहवाल घेऊन.

फळी पोकळ निघाली. (ठोकली तर डब्यासारखी वाजली.) आम्ही दोघांनी ती काढली आणि खाली काय दिसावं? जिथे फळी होती तिथे 4 इंचाचा लालबुंद पट्टा, नवी कोरी वीट, बाकी भिंत तपकिरी. वर 14 इंचांवर फळी बसवली तर तो पट्टा आता तिच्या खाली उघडा पडला, कपाळावरच्या गंधासारखा. विटकरी, मी तुमच्या पद्धतीने दोन दिवस स्पंज ओढले. भिंत खूप उजळली पण पट्टा पट्टाच राहिला. मग चुनाच दिला. तीन पातळ हात. पहिल्या हातानंतर काहीच दिसेना तेव्हा रडू आलं होतं, सकाळी उठून पाहिलं तर पांढरं. मुद्दाम सारखं केलं नाही, काही विटांचे कोपरे लाल डोकावू दिले. पट्टा अजून किंचित गुलाबी दिसतो. आता मला तो आवडायला लागला आहे.

फळीची मांडणी आधी जमिनीवर केली. फळीच्या मापाचा कागद अंथरला आणि त्यावर वस्तू हलवत बसले, तासभर. आरसा मधून काढून डावीकडे भिंतीला टेकवला. त्याच्यापुढे, त्याला थोडा झाकून, एनॅमलचा जुना जग, कडेचा टवका उडालेला. त्यात एकच फांदी. मग बरीच मोकळी जागा. उजव्या टोकाला घड्याळ (चालू आहे!). मेणबत्त्यांपैकी एकच ठेवली, लोखंडी बैठकीत. बाकीच्या पाच आणि गव्हाची माळ जेवणाच्या खोलीत गेल्या. मोकळ्या जागेने आधी अस्वस्थ व्हायला झालं, तीनदा काहीतरी ठेवून परत उचललं. चौथ्यांदा नवऱ्याने काड्यापेटी तिथे विसरली. ती तशीच आहे. तिला तिथे असण्याचं कारण आहे, जुनेर.

ओट्यावर लोखंडी घोडे, जाळी, तांब्याची किटली. झालं.

जुनेर
काड्यापेटी! शंभर टक्के. मी फक्त घड्याळ अजून दोन बोटं आत सरकवलं असतं.

विटकरी
गुलाबी पट्टा ऐकून बरं वाटलं. पुसू नका.

रिकामटेकडी
फोटो!!!

धुराडं
पेटवून पाहिलं का? मेणबत्ती कशी आहे?

कवडसा
काल तीन तास विस्तव होता. मेणबत्ती ताठ. फळीच्या पोटाला हात लावून पाहिला, कोमट होती, हात आरामात टेकवता आला. धूरही नाही, कागदाचा बोळा कामी आला.

धुराडं
उत्तम. आता शेवटचं. कालची राख कशात भरली?

कवडसा
सकाळी गारच लागत होती, म्हणून भरून ठेवली. खोक्यात. पुठ्ठ्याच्या.

धुराडं
राखेच्या पोटात निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो. पत्र्याची बादली, घट्ट झाकण, घराबाहेर, मातीवर किंवा दगडावर. खोकं कुठे आहे?

कवडसा
मागच्या लाकडी ओसरीत. थांबा, आलेच.